परदेशातल्या जंगलात प्रायमेटांच्या मागावर: फील्ड असिस्टंट म्हणून जायचं असेल तर

चिंपांझी, बबून, ओरांगउटान, लेमूर, कापुचिन या सगळ्या गोतावळ्याला शास्त्रात प्रायमेट म्हणतात. ते फार वर्षं जगतात, त्यामुळे त्यांचे अभ्यासही पिढ्यान्‌पिढ्या चालतात. टांझानियातल्या गोम्बेचं काम १९६० साली सुरू झालं, केनियातल्या अंबोसेलीच्या बबूनांचं १९७१ साली, युगांडातल्या किबाले जंगलात कन्यावारा इथलं १९८७ साली. शास्त्रज्ञ बदलतात, विद्यार्थी पदव्या घेऊन निघून जातात, पण रोजची नोंद थांबत नाही. ती ठेवणाऱ्यांमध्ये स्थानिक कर्मचारी असतात आणि काही महिन्यांसाठी फील्ड असिस्टंट म्हणून आलेले परदेशी स्वयंसेवकही. प्राणिशास्त्र, मानववंशशास्त्र, पर्यावरणशास्त्र शिकणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींना हा रस्ता मोकळा आहे, मात्र आधीची तयारी बरीच लागते.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. तुम्हाला प्राणी किती आवडतात, ट्रेकिंगला दम किती आहे, इंग्रजी कसं आहे, हे सगळं नंतरचं. या कामात माणसाची किंमत त्याच्या नोंदीच्या खरेपणावर ठरते. पुढची प्रत्येक पायरी याच दृष्टीने वाचा.

आधी घरच्या टोळीवर हात बसवा

महाराष्ट्रात आणि गोव्यात राहणाऱ्यांना सरावासाठी लांब जावं लागत नाही. काळ्या तोंडाचे वानर आणि लाल तोंडाची माकडं, दोन्ही आपल्याकडे आहेत. एक टोळी निवडा. देवळापाशी किंवा घाटात लोकांच्या हातचं खाणारी टोळी नको, कारण तिचा दिवसच बिघडलेला असतो. गावाबाहेरच्या वड-पिंपळावर किंवा रानाच्या कडेला वावरणारी घ्या. पहिले काही दिवस लिहू नका, फक्त ओळख पटवा. हुप्प्या कोणता, कोणत्या मादीचा कान फाटलाय, कोणाच्या शेपटीला वाक आहे, कोणतं पिल्लू कोणाचं.

मग फोकल पद्धतीने बघायला लागा. दहा मिनिटं एकाच प्राण्यावर नजर ठेवायची आणि दर मिनिटाला घड्याळ वाजलं की त्या क्षणी तो काय करतोय तेवढंच लिहायचं. जीन ऑल्टमन यांनी निरीक्षणाच्या पद्धतींवर १९७४ साली लिहिलेला शोधनिबंध या क्षेत्रात आजही सगळे वाचतात. तो मिळवून वाचाच. त्यातला मुद्दा साधा आहे, पण पचायला वेळ लागतो. मनात भरेल ते टिपत गेलं की भांडणं आणि पळापळ तेवढी वहीत येते, आणि तासभर शांत बसलेली म्हातारी मादी वहीतून नाहीशी होते. म्हणून कोणाकडे कधी बघायचं हे आधी ठरवायचं आणि ते पाळायचं.

यातलं मोलाचं शिक्षण जोडीने होतं. मैत्रिणीला सोबत घ्या, दोघींनी एकाच वानरावर एकाच वेळी वेगवेगळ्या वहीत नोंद करा आणि संध्याकाळी वह्या शेजारी ठेवा. तुम्ही जिथे ‘खातंय’ लिहिलं तिथे तिने ‘बसलंय’ लिहिलेलं असेल, कारण वानर पान हातात धरून नुसतंच बसलं होतं. त्यावर वाद घाला, व्याख्या पक्की करा, पुन्हा जा. परदेशातल्या प्रकल्पात तुमची परीक्षा नेमकी अशीच घेतली जाते.

दोडामार्ग, सावंतवाडी किंवा गोव्यातल्या सत्तरीत हा सराव करणार असाल तर माकडतापाचं भान ठेवा. तो गोचिडीतून पसरतो. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वनखात्याला कळवा.

शक्य असेल तर परदेशी अर्जाच्या आधी भारतातल्या एखाद्या अभ्यासात काही महिने घालवा. अन्नामलईच्या डोंगरातले सिंहपुच्छ वानर, जोधपूरचे लंगूर, आसामातल्या होल्लोंगापारचे हूलॉक गिबन यांच्यावर अनेक वर्षं काम झालं आहे. भारतातल्या संशोधन प्रकल्पांत प्रकल्प सहायकाला मानधन मिळतं, आणि इथल्या मार्गदर्शकाचं शिफारसपत्र पुढे फार कामाला येतं.

प्रकल्प शोधणं आणि पारखणं

प्रायमेट अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांच्या संकेतस्थळांवर, संशोधन केंद्रांच्या स्वतःच्या पानांवर आणि प्राध्यापकांच्या प्रयोगशाळांच्या पानांवर जाहिराती येतात. दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताल प्रांतात २०१० पासून चाललेला व्हर्वेट माकडांचा इंकावू प्रकल्प, कोस्टारिकातल्या लोमास बार्बुदाल इथला १९९० पासूनचा कापुचिन माकडांचा अभ्यास, इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरचा तांगकोकोच्या काळ्या मकाक माकडांचा अभ्यास, ही काही नावं शोधाची सुरुवात म्हणून घ्या. जाहिरात नसली तरी नम्र पत्र लिहायला हरकत नसते.

प्रकल्प खरा आहे का, हे ओळखायची माझी आवडती युक्ती म्हणजे त्यांचे शोधनिबंध उघडून शेवटची आभाराची ओळ वाचणं. स्थानिक सहायकांची नावं तिथे आहेत का? आधीच्या स्वयंसेवकांची? कोणत्या सरकारी खात्याने परवाना दिला ते लिहिलंय का? ज्या प्रकल्पाच्या नावावर एकही शोधनिबंध नाही, तो फार तर सहलीचा कार्यक्रम असेल.

पिल्लू कडेवर घेऊन बाटलीने दूध पाजणाऱ्या स्वयंसेवकांचे फोटो दाखवून कोणी ‘वन्य माकडांचा अभ्यास’ विकत असेल तर तिथे अर्ज करू नका. रानातल्या प्राण्याला संशोधक हात लावत नाही, खायला घालत नाही, त्याच्याशी खेळत नाही. जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या, म्हणजे आययूसीएनच्या प्रायमेट तज्ज्ञगटाने २०२१ साली फोटोंबद्दल मार्गदर्शक सूचनाच काढल्या, कारण असे फोटो बघून लोकांना माकड पाळावंसं वाटतं. अनाथ माकडांच्या आश्रयस्थानातलं काम वेगळं आणि तेही चांगलं असू शकतं, पण ते या लेखाच्या विषयात बसत नाही.

निवड होण्याआधी मागच्या दोन-तीन स्वयंसेवकांचे संपर्क मागा आणि त्यांच्याशी मोकळेपणाने बोला. दिवसाला किती तास, आठवड्याला सुट्टी किती, झोपायची सोय कशी, पाणी कुठून येतं, प्रमुख माणूस जागेवर असतो की सहा महिन्यांतून एकदा येतो, भांडण झालं तर दाद कुठे मागायची, हे सगळं विचारा. हे विचारलेलं ज्याला खटकतं त्याच्याकडे जाऊ नये.

पैसा

विमानाचं तिकीट, व्हिसा, लसी आणि विमा हे बहुतेक वेळा तुमच्या खिशातून जातं. काही प्रकल्प राहण्या-जेवणाचे पैसे दरमहा घेतात, काही फुकट ठेवतात, थोडे हातखर्चालाही देतात. परवाना शुल्क आणि राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेशशुल्क कोण भरणार, हे लेखी घ्या, कारण ते छोटं नसतं.

माझं मत स्पष्ट आहे. पूर्ण वेळ राबून वर मोठी फी देणं आपल्याकडच्या बहुतेक घरांना परवडत नाही, आणि त्यासाठी कर्ज काढू नये. किमान राहणं-जेवण देणाऱ्या जागा थोड्या आहेत, चढाओढही आहे, तरी त्यांच्यासाठी वर्षभर थांबलेलं बरं.

अर्ज

एक पानाचा अर्ज, एक-दोन पानांचा कामाचा आढावा आणि दोन शिफारसी पुरतात. ‘मला लहानपणापासून प्राण्यांची आवड आहे’ हे वाक्य काढून टाका, ते सगळेच लिहितात. त्याऐवजी वानरांच्या टोळीवर किती तास फोकल नोंदी घेतल्या, किती प्राणी ओळखता, दोघींच्या नोंदींचा मेळ किती टक्के बसला ते लिहा. भर पावसात सह्याद्रीत पाठीवर ओझं घेऊन चालला असाल, जीपीएस वापरता येत असेल, एक्सेलमध्ये किंवा आर या संगणकभाषेत आकडे हाताळता येत असतील तर तेही लिहा. आजारपण, चष्मा, गुडघेदुखी लपवू नका.

किती काळ देऊ शकता हे खरं सांगा. सहा महिने ते वर्षभराची अपेक्षा ठेवणारे प्रकल्प बरेच आहेत, आणि त्यात त्यांचा हट्ट नाही. सगळे प्राणी ओळखायला आणि परीक्षा पास व्हायलाच पहिले काही आठवडे, कधी दोन महिने जातात. तोवरच्या तुमच्या नोंदी विश्लेषणात घेतल्या जात नाहीत.

परवाने आणि व्हिसा

पर्यटक व्हिसावर जाऊन संशोधनाचं काम करणं बहुतेक देशांत बेकायदा आहे. युगांडात विज्ञान-तंत्रज्ञान परिषद आणि वन्यजीव प्राधिकरण या दोन्हींची परवानगी लागते, टांझानियात कॉस्टेक (विज्ञान-तंत्रज्ञान आयोग) आणि टाविरी (वन्यजीव संशोधन संस्था) या दोघांची, इंडोनेशियात ब्रिन या राष्ट्रीय संशोधन संस्थेची. अर्ज प्रकल्प करतो, कागद तुम्ही पुरवता, आणि यात महिनेच्या महिने जातात. परवाना हातात येण्याआधी तिकीट काढू नका. ‘आत्ता टुरिस्ट व्हिसावर या, मग बघू’ असं कोणी म्हणालं तर नकार द्या. पकडले गेलात तर तुम्हाला परत पाठवतील आणि प्रकल्पाचा परवानाही धोक्यात येईल.

लसी, तपासण्या आणि साधी सर्दी

पिवळ्या तापाची लस केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या ठरावीक केंद्रांवरच मिळते आणि तिचं प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं, त्यामुळे आदल्या आठवड्यावर ठेवू नका. हे प्रमाणपत्र जाताना लागतं तसंच परततानाही लागतं. पिवळ्या तापाच्या देशातून प्रमाणपत्राविना भारतात उतरलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. मुंबईहून आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे पुढे जाणाऱ्यांनी, तिथे मुक्काम लांबला तर पुढचा देश काय मागतो, हे आधी बघून घ्यावं. रेबीजची आगाऊ लस, हिपॅटायटिस, टायफॉइड, धनुर्वात, गोवर आणि मलेरियाच्या गोळ्या यांचं वेळापत्रक डॉक्टरांबरोबर दोन-तीन महिने आधी बसवा.

क्षयाच्या चाचणीबद्दल आपल्याला जरा जास्त माहिती हवी. महाकपींवर, म्हणजे चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यावर काम करणाऱ्या कित्येक केंद्रांना ‘क्षय नाही’ असा दाखला लागतो. आपण लहानपणी बीसीजी घेतलेली असते, त्यामुळे हातावर टोचून करायची मँटू चाचणी रोग नसतानाही सकारात्मक येऊ शकते. घाबरू नका आणि लपवूही नका. रक्तातली इग्रा चाचणी बीसीजीमुळे फसत नाही. ती आणि छातीचा एक्स-रे करून डॉक्टरांचं पत्र घ्या आणि प्रकल्पाला आधीच कळवा.

ही काटेकोर तपासणी कशासाठी, ते कन्यावाराच्या अनुभवावरून कळतं. २०१३ साली तिथल्या ५६ चिंपांझींच्या समूहात खोकला पसरला आणि पाच जण दगावले. कारण निघालं रायनोव्हायरस सी. माणसाच्या साध्या सर्दीचा विषाणू. आपण ज्याच्यावर आल्याचा चहा घेऊन कामाला जातो, तो तिथे जीव घेतो. म्हणून पोचल्यावर काही दिवस वेगळं राहायचं, जंगलात मास्क लावायचा, सात ते दहा मीटरचं जे अंतर ठरलं असेल ते पाळायचं, जंगलात शौचाला गेलात तर खोल पुरायचं. आणि घसा खवखवला तर त्या दिवशी कॅम्पवर थांबायचं, मग तुमचा लाडका चिंपांझी कितीही दिवसांनी दिसलेला असो. चिंपांझी जवळ येत असेल तर मागे सरकायचं काम तुमचं.

आजार उलट दिशेनेही येतात. आशियातल्या मकाक माकडांच्या चाव्यातून माणसाच्या जिवावर बेतणारा बी विषाणू येऊ शकतो आणि मलेशियात माकडांचा नोलेसी मलेरिया माणसांना होतो. चावा किंवा ओरखडा बसला तर लगेच पंधरा मिनिटं साबणाने धुवा आणि सांगा. ओशाळून गप्प बसणं इथे महागात पडतं. विम्यात दुर्गम भागातून उचलून रुग्णालयात नेण्याचा खर्च धरलेला आहे ना, हे पॉलिसीत शोधा.

सामान

आठ बाय बेचाळीसची, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी आणि बेचाळीस मिलिमीटर भिंगाची दुर्बीण घ्या. जंगलातल्या कमी उजेडात ती दहा बाय बेचाळीसपेक्षा बरी, आणि हातही कमी हलतो. गमबूट, गोचीड आत शिरू नये म्हणून लांब मोजे, फिक्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, हेडलँप, पाण्यात न भिजणारी वही आणि पेन्सिल. पेन्सिलच, कारण शाई पसरते. सॅनिटरी पॅड किंवा कप, चष्म्याची दुसरी जोडी, रोजची औषधं पुरेशी न्या.

शाकाहारी असाल तर पूर्व आफ्रिकेत फार अडत नाही. मक्याच्या पिठाचा पोशो, घेवड्याची उसळ आणि युगांडाभर मिळणारी चपाती यांवर माणूस धडधाकट राहतो. लोणचं मात्र न्याच.

जंगलातला दिवस

चिंपांझी संध्याकाळी फांद्या वाकवून झाडावर घरटं करतो. काल तो कुठे झोपला ते ठाऊक असल्यामुळे तुम्ही उजाडायच्या आत त्या झाडाखाली पोचता. जाग आल्यावर बहुधा तो घरट्याच्या काठाला येऊन लघवी करतो, आणि तीच तुम्हाला हवी असते. काठीच्या बेचक्यात ताणलेलं प्लास्टिक पुढे धरायचं किंवा खालच्या पानांवरचे थेंब ड्रॉपरने टिपायचे, कुपीत भरायचे, आणि कुपीवर तारीख, वेळ, प्राण्याचं सांकेतिक नाव, स्वतःची आद्याक्षरं तिथल्या तिथे लिहायची. त्या चमचाभर लघवीतून उपासमार, ताण, गर्भारपण अशा गोष्टी प्रयोगशाळेत कळतात, तेही प्राण्याला न पकडता. पण वर दोन घरटी जवळजवळ असतील आणि थेंब कोणाचे याची खात्री नसेल, तर कुपी रिकामीच आणायची.

मग दिवसभर मागे फिरणं. घड्याळ वाजलं की नोंद. खात असेल तर कोणत्या झाडाचं, पिकलं फळ की कच्चं, कोवळं पान की साल. पाच मीटरच्या आत कोण आहे. कोण कोणाला साफ करतंय. तो उंबराच्या दाट पानांत शिरतो, वरून फळांचे चोथे पडत राहतात, चावल्याचा आवाज येतो, पण तो दिसत नाही. इथे हात आपोआप ‘खातोय’ लिहायला जातो. लिहायचं असतं ‘दिसत नाही’. वर आणखी दोघे असतील, चोथे त्यांचे असतील. अशा अंदाजांनी भरलेल्या शंभर ओळी वर्षभराच्या आकड्यांत मिसळल्या की प्राणी किती वेळ खातात याचं उत्तरच चुकतं, आणि ती चूक मागे जाऊन कोणाला शोधता येत नाही. एखाद्या दिवशी तुमच्या वहीचं अर्धं पान ‘दिसत नाही’ने भरेल. ते पान पूर्ण किमतीचं आहे.

चिंपांझी अंगावर धावून आला तर पळायचं नाही, जवळच्या झाडाला घट्ट धरून उभं राहायचं. मकाक आणि बबूनांकडे रोखून बघायचं नाही, दात दिसतील असं हसायचं नाही. किबालेत खरी भीती हत्तींची. तिथे सोबतचा माणूस थांब म्हणाला की अर्ध्या पावलात थांबायचं.

ज्यांच्या भरवशावर तुम्ही चालता

मे १९७५ मध्ये गोम्बेतून तीन विद्यार्थ्यांचं आणि एका संशोधन सहायिकेचं अपहरण झालं. ते पुढे सुटले, पण परदेशी विद्यार्थ्यांना तिथे ठेवणं थांबलं. अभ्यास मात्र बंद पडला नाही, कारण टांझानियाच्या सहायकांनी रोजच्या नोंदी चालू ठेवल्या. हे प्रत्येक नवख्याने लक्षात ठेवावं. तुमच्यासोबत चालणारा माणूस वीस-वीस वर्षं त्याच प्राण्यांमागे फिरलेला असतो, आवाजावरून ओळखतो, तारेचा फास गवतात कुठे लावलाय ते त्याला दिसतं. युगांडातल्या बुडोंगो आणि किबाले या जंगलांतले कित्येक चिंपांझी अशा फासांनी जायबंदी झालेले आहेत. पदवी तुमच्याकडे असेल, पण शिकायचं त्याच्याकडून आहे. त्याच्या भाषेतले नमस्कार, आकडे, झाडांची नावं आधी शिका. तुमच्या येण्याने कोणा गाववाल्याची पगारी नोकरी जाते का, हेही अर्जाच्या वेळी विचारा. जात असेल तर ती जागा घेऊ नका.

मुलींनी आणि त्यांच्या घरच्यांनी विचारायचं

२०१४ साली प्लॉस वन या नियतकालिकात आलेल्या पाहणीत, फील्डवर काम केलेल्या आणि स्वतःहून उत्तरं दिलेल्या ६६६ जणांपैकी ६४ टक्क्यांनी लैंगिक छळ अनुभवल्याचं सांगितलं. बहुतेक शिकाऊ होते. म्हणून वर्तनाचे लेखी नियम आहेत का, तक्रार कोणाकडे करायची, तो माणूस कॅम्पबाहेरचा आहे का, उपग्रह फोन कोणाच्या हातात असतो, हे निवडीच्या वेळीच विचारा. घरी आठवड्यातून एक ठरलेला संपर्क ठेवा. मुलांनाही हे सगळं लागू आहे.

निघताना

शेवटचे दोन आठवडे नव्या माणसाला शिकवण्यासाठी आणि आपल्या वह्या संगणकात चढवून तपासण्यासाठी राखून ठेवा. कॅम्पवर बसून आठवणीतून रकाने भरू नका, रिकामा तो रिकामाच सोडा. नोंदी प्रकल्पाच्या मालकीच्या असतात, पण आभारात नाव आणि शिफारसपत्र मागायचा तुम्हाला हक्क आहे, आणि ते निघण्याआधीच बोलून घ्या. फोटो टाकताना जागेचा अक्षांश-रेखांश काढून टाका, शिकाऱ्यांनाही तो वाचता येतो.

घरी आल्यावर पुढचे काही महिने ताप आला तर तो व्हायरल समजून अंगावर काढू नका. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की अमुक देशातल्या जंगलातून आलोय, आणि मलेरियाची रक्ततपासणी त्याच दिवशी करून घ्या.